अंगठ्याच्या मुळाशी सुरुवातीची झीज, लिगामेंटचं ऑपरेशन सुचवलंय: कोणी करून घेतलंय का?

रेशीमधागा

नमस्कार मंडळी. मी मिरजेला असते, वय ३७. घरीच आरी वर्कची कामं घेते, ब्लाउजचे गळे, बाह्या, लग्नसराईत नवरीचे पूर्ण पाठीचे डिझाइन. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी जिथे अंगठ्याचा मांसल भाग सुरू होतो तिथे, बरेच महिने दुखतंय. आधी हंगामात दुखायचं आणि पावसाळ्यात कामं कमी झाली की थांबायचं. आता बारा महिने आहे. कुकरचं झाकण लावताना, कुलपात किल्ली फिरवताना, ओलं बेडशीट पिळताना कळ येते.

आरीचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. सुई अंगठा आणि तर्जनीत धरून कापडात घालायची, खालच्या हाताने दोरा अडकवायचा आणि सुईला अर्धा वळसा देऊन टाका वर ओढायचा. म्हणजे प्रत्येक टाक्याला चिमटीवर जोर आणि वर पीळ. त्या वळशाच्या वेळी अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेरच्या बाजूला किंचित सरकल्यासारखं वाटतं आणि सुई सोडली की परत बसतं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. म्हणाले, सांधा अजून चांगला आहे, झीज अगदी सुरुवातीची, पण लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, सैल पडलंय. मनगटाच्या दोरीतला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनमधला, थोडा भाग घेऊन नवीन लिगामेंट करता येईल, आत्ताच करून घ्या, उशीर झाला की हे ऑपरेशन होत नाही. मला धड प्रश्नही सुचले नाहीत, बाहेर खूप पेशंट होते. घरी सासूबाई म्हणतात, काम करणाऱ्या बाईचे हात दुखणारच, त्याला कुठे चिरफाड करतात. मिस्टर म्हणतात, डॉक्टर म्हणतात तर करून टाक.

माझी मिळकत या हातावर आहे. हे ऑपरेशन नक्की काय असतं, नंतर किती दिवस काम बंद, आणि चिमटीत पुन्हा जोर येतो का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गुळवेल

ताई, आधी घरगुती करून पाहा. तिळाचं तेल कोमट करून अंगठ्याच्या मुळाशी हलक्या हाताने जिरवायचं, वर जाड मिठाच्या पुरचुंडीने शेक. माझ्या आईला संधिवातात याने फार आराम पडतो. रात्री हात उघड्यावर ठेवू नका, पंख्याचा वारा थेट नको.

पंचगंगा

आमच्या आईचं वय ६४, तिलाबी हेच दुखणं हाय दोन्ही हाताला. अंगठ्याच्या मुळाशी आता हाड पुढं आल्यासारखं दिसतंय, चौकोनी झालंय. भाकरी थापायला त्रास होत नाही, पण विळीवर काही चिरायचं म्हटलं की नको म्हणती. तिला हे लिगामेंटचं ऑपरेशन चालंल का? कोण सांगू शकंल तर बरं हुईल.

करांगुली

मी हँड थेरपिस्ट आहे, पुण्यात काम करते. रेशीमधागाताई, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की अर्धं निदान त्यातच आलं. तरीही प्रत्यक्ष तपासणी हवीच, कारण अंगठ्याच्या बाजूला दुखण्याची इतरही कारणं असतात. डी क्वेर्व्हेनमध्ये, म्हणजे अंगठ्याच्या दोऱ्यांभोवतालच्या सुजेत, दुखतं ते मनगटाच्या कडेला, थोडं वर, आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जीव जातो. ट्रिगर थंबमध्ये अंगठा वाकवताना अडकतो. कार्पल टनेलमध्ये मनगटात नस दबते, मुंग्या येतात, रात्री हात झटकावासा वाटतो. यातल्या दोन गोष्टी एका हातात एकत्रही सापडतात. एक दुरुस्त केली आणि दुसरी राहिली, तर पेशंट म्हणणार की ऑपरेशन फसलं.

आता सांध्याबद्दल. अंगठ्याचं पहिलं लांब हाड, मेटाकार्पल, मनगटातल्या ट्रॅपिझियम नावाच्या छोट्या हाडावर बसतं. दोघांचे पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखे एकमेकांवर आडवे बसवलेले असतात, म्हणून अंगठा सगळ्या दिशांना फिरतो आणि बाकीच्या बोटांसमोर येतो. पण ही बैठक घट्ट नाही. सांधा जागेवर राहतो तो भोवतालच्या लिगामेंट्समुळे आणि स्नायूंमुळे. ती सैल झाली की प्रत्येक चिमटीला मेटाकार्पलचं बूड बाहेर घसरतं, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासली जाते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की झीज होऊ शकते.

जोर किती पडतो ते ऐका. १९७७ मध्ये कूनी आणि चाओ यांनी मोजमाप करून दाखवलं की टोकाच्या चिमटीत १ किलोचा जोर लावला तर या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. घट्ट मूठ आवळली तर तो १२० किलोपर्यंत जातो. तुमच्या टाक्याच्या वळशात त्या सांध्याचं काय होत असेल याचा अंदाज करा.

माझा तुम्हाला एकच प्रश्न आहे. तुम्हाला कोणी स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार देणारा साचा, आणि व्यायाम दिलेत का? नीट, मापाने, शिकवून?

रेशीमधागा

@करांगुली, मेडिकलमधून काळा पट्टा आणला होता, मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचा. तो घालून सुई धरताच येत नाही, म्हणून फक्त झोपताना घालते. व्यायाम म्हणून स्पंजचा बॉल दाबायला सांगितला होता, त्याने जास्त दुखायला लागलं म्हणून बंद केला.

@गुळवेल, शेकाने बरं वाटतं खरं, पण कामाला बसलं की पुन्हा तेच.

अस्थिबंध

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, हाताच्या शस्त्रक्रिया करतो. इथे कोणाचं निदान करता येणार नाही, पण ऑपरेशनबद्दल जे विचारलंय ते सांगतो. लांबेल.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ईटन आणि लिटलर या दोघांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मनगट तळव्याकडे वाकवणारी एक दोरी असते, फ्लेक्सर कार्पी रेडिअलिस. मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याकडे जी दोरी उठून दिसते ती हीच. तिची अर्धी रुंदी उभी चिरून कोपराच्या दिशेने काही सेंटिमीटर सोडवतात. तळव्यातलं, म्हणजे तर्जनीच्या मेटाकार्पलच्या बुडाशी असलेलं तिचं टोक तसंच जोडलेलं राहू देतात. मग अंगठ्याच्या मेटाकार्पलच्या बुडातून आरपार छिद्र पाडून ती पट्टी तळव्याच्या बाजूने आत घालून मागच्या बाजूने बाहेर काढतात, ताणून शिवतात, उरलेली सांध्याच्या कडेने फिरवून मूळ दोरीभोवती वळसा देऊन पक्की करतात. त्यामुळे मेटाकार्पलचं बूड तर्जनीच्या बुडाकडे ओढून धरलं जातं आणि बाहेर घसरत नाही. दोरीचा उरलेला अर्धा भाग मनगटाचं काम चालवतो, सहसा रुग्णाला त्यात कमतरता जाणवत नाही. बहुतेकदा हाताला भूल देऊन, म्हणजे काखेत किंवा मानेच्या बुडाशी इंजेक्शन देऊन काम होतं.

ज्यात कूर्चा शाबूत आहे आणि तक्रार मुख्यतः सैलपणाची आहे, त्यासाठीच हे आहे. ईटन यांच्या वर्गीकरणात चार अवस्था आहेत. पहिलीत एक्सरे जवळजवळ सामान्य असतो, आत सूज असेल तर सांध्यातली फट उलट थोडी रुंद दिसते. दुसरीत फट किंचित अरुंद आणि २ मिलिमीटरहून लहान हाडाचे कण. तिसरीत फट जवळजवळ संपलेली, कण २ मिलिमीटरहून मोठे. चौथीत ट्रॅपिझियमच्या खालचा शेजारचा सांधाही झिजलेला. लिगामेंटची ही पुनर्रचना पहिल्या अवस्थेत, आणि दुसरीतल्या अगदी निवडक रुग्णांत. पुढे नाही, कारण झिजलेले पृष्ठभाग एकमेकांवर आणखी घट्ट ओढून बसवल्याने दुखणं जाणार कसं?

म्हणून @पंचगंगा, तुमच्या आईच्या अंगठ्याचं बूड चौकोनी दिसतंय म्हणता, ते बहुधा पुढच्या अवस्थेचं लक्षण आहे. त्यांच्यासाठी हे ऑपरेशन नाही. भाकरी थापताना जोर तळहातावर येतो, चिमटीवर नाही, म्हणून ते जमतं. विळीवर चिरताना मात्र अंगठ्याने दाबून धरावं लागतं. त्यांना आधी स्प्लिंट, मलम, कामाच्या पद्धतीत बदल, लागलं तर सांध्यात एखादं इंजेक्शन. तरीही भागलं नाही तर ट्रॅपिझियम काढण्याचं ऑपरेशन असतं. त्याचा उपयोग चांगला होतो, पण तो वेगळा विषय आहे.

रेशीमधागाताई, तुम्ही पुढच्या भेटीत चार गोष्टी विचारा. एक, साध्या एक्सरेबरोबर ताण देऊन काढलेला एक्सरे झालाय का? दोन्ही अंगठ्यांच्या कडा एकमेकींवर दाबून तो काढतात, त्यात बूड किती घसरतं ते दिसतं. दोन, अंगठ्याचा मधला सांधा चिमटीच्या वेळी मागे कलतो का? तो बराच मागे जात असेल तर मुळाचा सांधा बाहेर ढकलला जातो. तो तसाच सोडून खाली कितीही छान लिगामेंट केलं तरी त्यावर ताण येत राहतो. तीन, तुमचे इतर सांधेही जन्मतः लवचीक आहेत का? अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, करंगळी सरळ मागे वाकते का, कोपर उलट कलतं का. सगळं शरीरच सैल असेल तर स्वतःच्या दोरीचं नवं लिगामेंटही पुढे ताणलं जाण्याची शक्यता असते, हे आधी बोलून घ्यायला हवं. चार, सांधा उघडल्यावर कूर्चा अपेक्षेपेक्षा जास्त झिजलेली दिसली तर काय करणार? एक्सरे कधी कधी खरी परिस्थिती सौम्य करून दाखवतो. दुसरा बेत काय आहे, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

खडूफळा

मी हेच ऑपरेशन करून घेतलंय, उजव्या हाताचं. नाशिकला शाळेत शिकवते. माझं वय तेव्हा चाळिशीच्या आत होतं. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा, पेपर तपासायच्या दिवसांत तर पेन धरणं नको व्हायचं. माझे सांधे लहानपणापासून लवचीक, शाळेत असताना अंगठा मागे वाकवून मैत्रिणींना दाखवायचे.

ऑपरेशनपेक्षा नंतरचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. प्लास्टर साधारण चार आठवडे, बोटांची टोकं मोकळी. डावऱ्या हाताने जेवण, वेणी दुसऱ्याने घालायची, साडी अशक्य, नाडीचे कपडे अशक्य. इलॅस्टिकच्या सलवारी आणि पुढे उघडणारे सैल कुर्ते आधीच शिवून ठेवा, तुम्हाला तर ते घरचंच काम. प्लास्टर निघाल्यावर अंगठा लाकडासारखा वाटतो आणि माणूस घाबरतो. मला वाटलं होतं, गेला हात. थेरपिस्टने रोज थोडं थोडं करून घेतलं. करंगळीच्या टोकाला अंगठा टेकला त्या दिवशी मी वर्गात मुलांना सांगितलं होतं. तीन महिने जोराची चिमटी बंद होती. हलकं लिहिणं त्याआधी सुरू झालं, पण फळ्यावर पूर्ण तास लिहायला सहा महिने लागलेच.

अंगठ्याच्या मागच्या बाजूला एक छोटा भाग बरेच महिने बधिर होता, तिथे ओढणीचा स्पर्शही झिणझिण्या आणायचा. नंतर कमी झालं, पूर्ण गेलेलं नाही. आधीचं घसरणं मात्र थांबलंय. दुखणं नव्वद टक्के गेलं म्हणेन. थंडीत सकाळी आखडतो, बरणीचं घट्ट झाकण मी अजून मुलाकडेच देते.

पुन्हा करीन का? हो. पण त्याआधी मी जवळपास वर्षभर स्प्लिंट आणि व्यायाम मनापासून केले होते आणि तरीही भागलं नाही, म्हणून हो.

अस्थिबंध

@खडूफळा, बधिरपणाचं लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तिथे रेडिअल नर्व्हची त्वचेखालची बारीक फांदी असते, ती ओढली गेली तरी त्रास देते, आणि ऑपरेशनआधी रुग्णाला हे स्पष्ट सांगायला हवं. रेडिअल धमनीही तिथून जवळच जाते. याशिवाय जंतुसंसर्ग, सांधा आखडणं, दुखणं तसंच राहणं, आणि क्वचित हात सुजून लालसर होऊन जास्त दुखणं, याही शक्यता असतात. कोणी म्हणत असेल की यात काहीच होत नाही, तर तिथे आणखी प्रश्न विचारा.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीत काम करतो. बायकोला हाच त्रास असल्याने या विषयावरचं बरंच वाचलंय.

ईटन यांच्या गटाने १९८४ मध्ये आणि मग २००० मध्ये आपल्या रुग्णांचे पुढचे निकाल प्रसिद्ध केले. २००० च्या पाहणीत ऑपरेशनला दहा वर्षांहून जास्त काळ लोटलेले अंगठे तपासले होते आणि बहुतेकांत मोठी झीज झालेली नव्हती. वाचून आनंद होतो. पण त्यात सुमारे दोन डझन अंगठे होते आणि तुलनेसाठी ऑपरेशन न केलेला गट नव्हता. त्यामुळे ‘ऑपरेशनमुळे झीज टळली’ असं त्यावरून म्हणता येत नाही. सैल सांधा असलेल्या प्रत्येकाची झीज होतेच असं नाही. एक्सरे आणि दुखणं यांचा मेळ तर या सांध्यात फारच कमी बसतो. मोठी झीज असून आरामात काम करणारे लोक आहेत आणि स्वच्छ एक्सरे असून रडणारेही.

‘आत्ताच करा नाहीतर उशीर होईल’ हे वाक्य म्हणून मला खटकतं. @अस्थिबंध, तुमचं काय मत?

अस्थिबंध

तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो जरा विस्ताराने लिहायला हवा, कारण या धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

हे ऑपरेशन उद्याची झीज टाळण्याच्या नावावर करू नये. तसा पुरावा आपल्याकडे नाही. ते आजच्या दुखण्यासाठी करायचं. सांधा घसरतोय हे तपासणीत आणि ताणाच्या एक्सरेत दिसतंय, कूर्चा शाबूत आहे, दुखणं रोजच्या कामाच्या आड येतंय, आणि स्प्लिंट, व्यायाम, कामातला बदल हे सगळं काही महिने नीट करून झालंय, तरीही भागत नाही, असं असेल तेव्हा. यातलं एक जरी नसेल तरी थांबायला हरकत नाही. ‘उशीर झाला की होत नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण हा उशीर वर्षांचा असतो, आठवड्यांचा नाही. तीन-चार महिने थेरपी केल्याने संधी हातची जात नाही.

दुसरं, याच अवस्थेसाठी इतर मार्गही आहेत. विल्सन यांनी १९७३ मध्येच, म्हणजे ईटन-लिटलर यांच्याच वर्षी, मेटाकार्पलच्या बुडाजवळ हाडाची पाचर काढून अंगठ्याची दिशा बदलण्याची पद्धत लिहिली. साधारण ३० अंशांची पाचर काढतात, त्यामुळे दाब तळव्याकडच्या झिजणाऱ्या भागावरून मागच्या चांगल्या भागावर सरकतो. काही सर्जन दुर्बिणीने सांध्यातलं सुजलेलं आतलं अस्तर साफ करतात. आणि लिगामेंटचंच म्हणाल तर आधी सगळा भर तळव्याच्या बाजूच्या ‘बीक’ लिगामेंटवर होता. गेल्या काही दशकांतल्या शरीररचनेच्या अभ्यासांत मागच्या बाजूची लिगामेंट्स जास्त जाड आणि मजबूत आढळली, म्हणून काही जण आता तिकडची पुनर्रचना करतात. कोणती पद्धत सरस यावर एकमत नाही. मी स्वतः निवडक रुग्णांत ईटन-लिटलर करतो कारण माझा हात त्यावर बसलाय. तुमच्या सर्जनलाही विचारा, तुम्ही ही कोणती पद्धत करता आणि नेहमी करता का. प्रामाणिक सर्जन या प्रश्नाचा राग मानत नाही.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असते, वय ६१. मला तिसऱ्या अवस्थेत कळलं, त्यामुळे माझं ट्रॅपिझियम काढलं. इथल्या सर्जनने फक्त हाड काढलं, त्या जागी दोरीची गुंडाळी वगैरे भरली नाही. मी विचारलं तर म्हणाले की २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, दुखणं आणि काम या दोन्ही बाबतींत नुसतं हाड काढण्यापेक्षा त्यात लिगामेंट जोडण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. पंचगंगा, आईंसाठी विचारत असाल तर हे लक्षात ठेवा. दोन्ही ऑपरेशनांत ‘लिगामेंट’ हा शब्द येतो, म्हणून लोकांचा घोळ होतो. हाड ठेवून लिगामेंट करणं वेगळं आणि हाड काढून लिगामेंट करणं वेगळं.

अंगठा थोडा आखूड झालाय. जोर यायला सहा महिन्यांहून जास्त लागले. पण रात्रीची झोप परत आली, आणि गणपतीत मोदकांना कळ्या पाडल्या, त्या आधीची दोन वर्षं सुनेने पाडल्या होत्या.

पंचगंगा

डॉक्टरसाहेब, टेम्सकाठताई, लई आभार. आईला पुढच्या आठवड्यात नेतो. विळी बंद करून सुरी आणि पाट दिलाय सध्या, सुरीची मूठ जाड बघून आणली.

करांगुली

पंचगंगा, सुरीचं उत्तम केलंत. मूठ जाड झाली की चिमटी कमी आवळावी लागते.

रेशीमधागाताई, आता तुमच्यासाठी सविस्तर.

तो काळा लांब पट्टा तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला लागतो तो छोटा, हातावर बसणारा स्प्लिंट. थर्मोप्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून थेट तुमच्या हातावर घडवतात. त्यात मुळाचा सांधा आधाराला येतो, मनगट मोकळं राहतं आणि अंगठ्याचं टोकही मोकळं राहतं, म्हणजे सुई धरता येते. घडवताना अंगठा तळव्यापासून दूर, गोल पेला धरल्यासारखा ठेवायला सांगा. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका, वाकडा होतो. झोपतानाही घालायचा. २००९ मध्ये फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर रात्रीच्या स्प्लिंटची चाचणी झाली होती. महिन्याने काहीच फरक नव्हता, वर्षाने मात्र स्प्लिंट घालणाऱ्यांचं दुखणं आणि अडचण दोन्ही कमी होतं. ते रुग्ण तुमच्यापेक्षा वयाने मोठे आणि झीज झालेले होते, पण दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून स्प्लिंट फेकू नये, हे त्यातून घ्यायचं.

स्पंजचा बॉल बंद केलात ते योग्य. सैल सांध्यात जोराने दाबण्याचे व्यायाम सुरुवातीला बूड आणखी बाहेर ढकलतात. त्याऐवजी पहिल्यांदा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला आखडलेला स्नायू सैल करायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळू दाबून. तो अंगठ्याला आत ओढतो. मग तर्जनीच्या बाजूच्या स्नायूला बळ द्यायचं. हात टेबलावर करंगळीच्या कडेवर ठेवा, तर्जनी सरळ, आणि ती अंगठ्याच्या दिशेला न्या, दुसऱ्या हाताने किंचित विरोध करा. हा स्नायू मेटाकार्पलचं बूड जागेवर खेचून धरतो. नंतर अंगठा आणि तर्जनीने गोल ‘ओ’ करायला शिकायचं, मधला सांधा मागे न कलू देता. ‘ओ’ चपटा झाला की थांबायचं. दुखेपर्यंत कधीच नाही.

आरीच्या सुईची मूठ लाकडी आणि बारीक असते ना? तिच्यावर पेन्सिलची रबरी ग्रिप चढवा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. फ्रेमची उंची अशी ठेवा की मनगट खाली लोंबणार नाही. मणी आणि जरदोसीचं जड काम दिवसाच्या सुरुवातीला, साखळी टाका नंतर. अधूनमधून हात पूर्ण सोडायचा.

गुळवेल

करांगुलीताई, मग शेक द्यावा की नाही?

करांगुली

जरूर द्यावा. शेकाने दुखणं आणि आखडणं कमी होतं, व्यायामाआधी तर मी मुद्दाम देते. सैल लिगामेंट मात्र त्याने घट्ट होत नाही, म्हणून शेक आणि स्प्लिंट दोन्ही. प्लास्टर काढल्यावर किंवा बधिर भागावर मात्र विचारल्याशिवाय गरम काही नको, भाजलेलं कळत नाही.

रेशीमधागा

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये लिहायला जमलं नाही, कारण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. फक्त हाताचंच काम करतात ते. प्रश्नांची चिठ्ठी नेली होती, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबून एक्सरे काढला. उजव्याचं बूड खरंच बाहेर सरकतंय, डाव्याचं थोडंसं. फट व्यवस्थित आहे, हाडाचे कण नाहीत, पहिली अवस्था म्हणाले. मधला सांधा थोडा मागे जातो पण त्यासाठी वेगळं काही करायची गरज वाटत नाही म्हणाले. संधिवाताच्या आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. लिगामेंटचं ऑपरेशन माझ्यासाठी योग्य ठरू शकतं, हे त्यांनाही मान्य आहे. पण आधी साधारण तीन महिने छोटा स्प्लिंट आणि व्यायाम, मग पुन्हा तपासणी. सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन मी विचारलं होतं. ते म्हणाले, काही आठवडे बरं वाटेल, सैलपणा तसाच राहील, आणि त्या काळात दुखत नाही म्हणून तुम्ही जास्त काम कराल, म्हणून आत्ता नको.

स्प्लिंट सांगलीला करून घेतला. पहिले दिवस कडेला बोचत होता, थेरपिस्टने गरम करून कड वळवून दिली. ट्यूबची पट्टी सुईला गुंडाळली आहे आणि त्याचा फरक मला लगेच जाणवला, वळसा देताना बोटं कमी आवळतात. नवरीच्या पाठीचं जड काम या हंगामात घेणार नाही, गळे आणि बाह्या एवढंच. मिस्टरांना आणि सासूबाईंना हा पूर्ण धागा वाचून दाखवला. सासूबाईंनी खडूफळाताईंचं दोनदा वाचायला लावलं, आणि कपडे पिळायचं त्यांनी स्वतःहून माझ्याकडून काढून घेतलंय.

एक विचारायचं राहिलं. पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तर कोणत्या महिन्यात करावं? आणि विम्याचं काय असतं?

खडूफळा

तुमचा हंगाम मार्गशीर्षापासून जोर धरत असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे प्लास्टर आणि आखडलेले आठवडे त्यात निघून जातील. प्लास्टर भिजू द्यायचं नाही, छत्री डाव्या हातात धरायची सवय करा. विम्याचं म्हणाल तर ऑपरेशन आधी ठरवलेलं असतं, म्हणून कॅशलेसची मंजुरी आधीच मागा, आणि नंतरच्या थेरपीचा खर्च पॉलिसीत किती दिवस धरतात ते वाचून घ्या. माझ्या वेळी तोच खर्च अंगावर आला होता.

अस्थिबंध

ताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. पुढच्या तपासणीला जाताना हाच एक्सरे बरोबर न्या आणि तोच, तशाच ताणाचा पुन्हा काढायला सांगा, म्हणजे तुलना होईल. दुखणं किती आहे ते आठवड्यातून एकदा, एकाच कामावरून लिहून ठेवा. कुकरचं झाकण घ्या, ते रोज लागतं. आणि सैलपणा आत्ता डाव्या अंगठ्यातही दिसतोय, तेव्हा त्या बाजूचे व्यायाम आजपासूनच सुरू करा.